पहिला डाव कोणत्या भागापासून?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच मालिकेबद्दल आहेत : निन्टेन्डोची 'फायर एम्ब्लेम'. चौकटींच्या नकाशावर आळीपाळीनं चाली, प्रत्येक मोहऱ्याला नाव, चेहरा, नातीगोती आणि लढाईगणिक वाढणारी ताकद, असा हा खेळ. बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा याच मालिकेला दिली आहे. गोष्टीतली रहस्यं कुठेही फोडलेली नाहीत, तेव्हा निर्धास्त वाचा.

प्रश्न : जेल रोडवरून जुना स्विच (निन्टेन्डोचं गेमयंत्र) घेतला आहे. ऑफिसातून आल्यावर रोज तासभर मिळतो, रविवारी थोडा जास्त. बुद्धिबळ बऱ्यापैकी येतं, पण असला गेम कधी खेळलेलो नाही. 'थ्री हाउसेस' घ्यावा की 'एंगेज'? दोन्ही घेण्याइतके पैसे सध्या नाहीत.
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : तुमच्यासाठी 'एंगेज'. कारण तुम्हीच लिहिलं आहे : रोज तासभर आणि बुद्धिबळाची आवड.

दोन्ही गेम एकाच मालिकेतले असले तरी वेळ कशावर जातो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१९ साली आलेल्या 'थ्री हाउसेस'मध्ये तुम्ही गारेग माख नावाच्या मठातल्या सैनिकी शाळेत शिक्षक असता. वर्षाचं कॅलेंडर चालतं, महिन्याच्या शेवटी एक मोहीम असते आणि मधल्या रविवारी मठात हिंडायचं, विद्यार्थ्यांबरोबर जेवायचं, कोणाची हरवलेली वस्तू परत करायची, सोमवारी वर्गात शिकवायचं. दोन मोहिमांमध्ये सहज दीड-दोन तास निघून जातात आणि त्यात तलवार एकदाही उपसलेली नसते. ज्याला कादंबरी वाचावी तसं रमायचं आहे त्याला हे फार आवडतं. ज्याला तासाभरात एक डाव लावून उठायचं आहे त्याची मात्र चिडचिड होते.

जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या 'एंगेज'मध्येही लढायांच्या मध्ये हिंडायला सोम्निएल नावाची जागा आहे, पण तिथलं बहुतेक काम टाळलं तरी बिघडत नाही. गोष्ट साधी, कधीकधी पोरकटच; नकाशे मात्र उत्तम रचलेले. 'थ्री हाउसेस'मध्ये तलवार-कुऱ्हाड-भाला हा त्रिकोण मूळ नियमांतून काढला होता, तो इथे परत आला आहे : तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. त्यात 'ब्रेक'ची भर. भारी पडणाऱ्या हत्यारानं वार बसला की समोरच्याच्या हातून हत्यार सुटतं आणि त्याला उलटा वार करता येत नाही. म्हणजे आधी एकानं ब्रेक करायचं, मग नाजूक तब्येतीच्या दुसऱ्यानं बेधडक जाऊन मारायचं. कोण आधी, कोण नंतर हा क्रमच सगळा खेळ आहे, आणि बुद्धिबळ खेळणाऱ्याला तो लगेच उमजतो. जड चिलखतवाल्यांना ब्रेक लागत नाही. शत्रूही तुमच्यावर ब्रेक करतो, हे नवखे हमखास विसरतात.

सुरुवात 'हार्ड' आणि 'क्लासिक'वर (पडलेला मोहरा कायमचा जातो त्या पद्धतीवर) करा. जड गेलं तर मधेच 'नॉर्मल' आणि 'कॅज्युअल'वर उतरता येतं. खालून वर चढता येत नाही. नॉर्मलवर चाली मागे घेणारा स्फटिक हवा तितक्या वेळा वापरता येतो, हार्डवर एका लढाईत दहा वेळा. दहा पुष्कळ झाले.

नवखे कुठे अडखळतात ते आता सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे व्हँडर. सुरुवातीलाच मिळणारा हा प्रौढ घोडेस्वार सगळ्यांपेक्षा बळकट असतो, म्हणून लोक त्यालाच पुढे घालतात. त्याचा क्लास (लढवय्याचा दर्जा) आधीच वरचा असल्यामुळे एक शत्रू मारून त्याला मिळणारा अनुभव अगदी थोडा. तोच शत्रू एखाद्या कच्च्या पोरानं मारला तर ते पोर जवळजवळ अर्धी लेव्हल चढतं. पाच-सहा लढाया व्हँडरनं जिंकून दिल्या की बाकीची फौज अशक्त राहते, आणि पुढे व्हँडरही पुरत नाही. त्याला दार अडवायला उभा करा, शत्रूला अर्धमेलं करायला वापरा, शेवटचा वार दुसऱ्याला द्या. हा प्रकार मालिकेत १९९० पासून चालत आला आहे. बऱ्याच भागांत असा एक अनुभवी सरदार भेटतो.

दुसरी अडचण अंगठ्यांची. जुन्या भागांतले नायक अंगठ्यांमधून प्रकटतात आणि धारकाशी तीन टर्नपुरते एकरूप होतात. तो वेळ संपला की पुन्हा लढून किंवा नकाशावरच्या चमकत्या चौकटीवर थांबून मीटर भरावा लागतो. लोक 'शेवटच्या सरदारासाठी' म्हणून तो राखून ठेवतात आणि लढाई संपते तेव्हा मीटर भरलेलाच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला वापरून टाका, शेवटापर्यंत पुन्हा भरतो.

तिसरी अडचण पैशाची. 'एंगेज'मध्ये पैसा तुटपुंजा आहे. देशांना देणग्या देण्याचा पर्याय दिसला की हात सैल सोडू नका. बरं करणाऱ्या काठ्या आणि मास्टर सील (क्लास वाढवणारी वस्तू) यांना आधी ठेवा. साधी हत्यारं इथे झिजत नाहीत, झिजतात त्या फक्त काठ्या. मास्टर सील दहाव्या लेव्हलपासून चालतं आणि विसाव्याची वाट बघण्यात मुख्य फौजेचं नुकसानच होतं. नकाशावर अधूनमधून उगवणाऱ्या चकमकी खेळून फौज फुगवू असं वाटेल, पण हार्डवर त्या चकमकींतले शत्रूही तुमच्या बरोबरीनं वाढलेले असतात.

जुना स्विच घेतला आहे म्हणता, तर एक तपासणी करून टाका. सिस्टिम सेटिंग्समध्ये 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स', त्यात 'कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स'. काठीला हात न लावता ठिपका मधून सरकत असेल तर काठी खराब आहे. धावपळीच्या गेमइतका इथे त्रास होत नाही, पण कर्सर एका चौकटीनं सरकतो आणि तुमची भिक्षुणी तिरंदाजासमोर जाऊन उभी राहते. दुरुस्ती होईपर्यंत डाव्या जॉय-कॉनची (स्विचच्या डाव्या हातच्या कंट्रोलरची) बाणांची बटणं वापरा. चौकटींच्या नकाशावर तीच जास्त नेमकी चालतात.

प्रश्न : मालिका जुनी आहे, मग पहिल्या भागापासूनच क्रमानं खेळायला नको का? मधूनच सुरुवात केली तर गोष्ट कळेल का?
— एक विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नको, आणि कळेल.

पहिला भाग १९९० साली जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रावर आला. त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये स्विचवर आली आणि मार्च २०२१ अखेर विक्रीतून काढूनही घेतली. आज ती सरळ मार्गानं विकत मिळतच नाही. मिळाली असती तरी पहिला गेम म्हणून आम्ही सुचवली नसती. कोणत्या शत्रूचा पल्ला कुठवर आहे हेसुद्धा त्यात एकेक चौकट मोजून काढावं लागतं.

रिमेक धरून मुख्य भाग सतरा आहेत, पण त्यांची जगं वेगवेगळी. 'सेक्रेड स्टोन्स', 'थ्री हाउसेस' यांचा आधीच्या कोणत्याही भागाशी संबंध नाही. 'एंगेज'मध्ये जुने नायक पाहुणे म्हणून येतात, ते ओळखीचे नसले तरी अडत नाही. क्रम खरोखर पाळावा अशी जोडी मुख्यतः एकच : २००५ चा 'पाथ ऑफ रेडियन्स' आणि त्याचा २००७ मधला उत्तरार्ध 'रेडियंट डॉन'. उत्तरार्धात पात्रांचा इतका मोठा गोतावळा गृहीत धरला आहे की आधीचा भाग न खेळता त्यात शिरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत अनोळखी वऱ्हाडात बसणं.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मावसभावाकडे 'थ्री हाउसेस' पाहून आला आणि आता तोच हवा म्हणतो. ऐकलं आहे की यात माणसं मेली की कायमची जातात. तो हळवा आहे. द्यावा का? आणि इंग्रजी जड जाईल का? तो मराठी घरातला, शाळा हिंदी माध्यमाची.
— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, कायमचं जाणं फक्त 'क्लासिक' पद्धतीत. नवा खेळ सुरू करताना 'कॅज्युअल' निवडा. मग पडलेला माणूस त्या लढाईपुरता बाजूला होतो आणि पुढच्या वेळी परत हजर. शिवाय 'डिव्हाइन पल्स' नावाची सोय आहे, तिच्यानं काही चाली मागे घेता येतात. 'नॉर्मल' आणि 'कॅज्युअल' अशी जोडी ठेवलीत तर हरण्यावरून रडारड व्हायची नाही.

पण गोष्टीतले मृत्यू कोणत्याही पद्धतीत टळत नाहीत, हे आधीच सांगतो. पूर्वार्ध शाळेचा, उत्तरार्ध युद्धाचा. ज्यांच्याबरोबर चहा घेतला ते विद्यार्थी पुढे समोरच्या बाजूला उभे असतात आणि त्यांना मारावं लागतं. युरोपात या गेमला बारा वर्षांपुढचं मानांकन आहे, अमेरिकेत किशोरवयीनांचं. अंगावर येणारी दृश्यं फारशी नाहीत. विषय मात्र गंभीर आहे. हळव्या मुलाला 'एंगेज' जास्त मानवेल. मानांकन तेच, पण एकूण सूर बराच हलका.

भाषेचं म्हणाल तर मजकूर इंग्रजीत, आणि भरपूर. सोय एवढीच की 'थ्री हाउसेस'मध्ये जवळजवळ सगळे संवाद बोलून दाखवलेले आहेत, ऐकताना वाचायचं. अक्षरं बारीक आहेत, स्विच हातात धरून खेळताना तर फारच; टीव्हीला जोडून द्या. हिंदी किंवा मराठी मजकूर कोणत्याच भागात नाही.

दोन भावंडं असतील तर स्विचवर दोघांची वेगवेगळी प्रोफाइलं करा. एकाच काडतुसावर (गेमच्या कार्डावर) खेळूनही दोघांचे डाव स्वतंत्र राहतात. ही खबरदारी घेतली नाही तर कोणी कोणाचा डाव पुसला यावरून महाभारत ठरलेलं.

प्रश्न : 'थ्री हाउसेस' घेतला. आता विद्यार्थ्यांच्या तीन घरांपैकी (गटांपैकी) कोणतं निवडू? आणि मठात फिरून फिरून कंटाळा आलाय, काही चुकतंय का?
— एक वाचक, महू

उत्तर : चुकतंय ते असं, की तुम्ही दर रविवारी मठ पालथा घालताय. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा 'एक्सप्लोर' पुरे. त्या दिवशी नकाशा उघडून थेट ठिकाणांवर उड्या मारा, पायी फिरू नका. जेवणं उरका, बागेत बी टाका, आणि मुलांचा उत्साह भरला की बाहेर पडा. उरलेल्या रविवारी लढाई किंवा विश्रांती. विश्रांतीनंही मुलांचा उत्साह थोडा भरतो. हरवलेल्या वस्तूंच्या मालकांचा शोध घेत बसणं हे या गेममधलं सगळ्यांत नीरस काम. ते सोडून दिलंत तरी फौज तितकीच बळकट राहते.

मुलांचा क्लास वाढवणाऱ्या परीक्षेचं वेळापत्रक डोक्यात ठेवा : पाचव्या लेव्हलला पहिली सनद, दहाव्याला दुसरी, विसाव्याला तिसरी, तिसाव्याला शेवटची. पास होण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. नापास झालं तर परीक्षेला लागणारं सील वाया जातं, म्हणून परीक्षेआधी सेव्ह करा. प्रत्येकाला दोनच विषय शिकवा, एक हत्याराचा आणि एक पुढच्या क्लासला लागणारा. सगळ्यांना सगळं शिकवणारा शिक्षक इथे नापास होतो.

घर निवडताना पहिल्या खेपेला 'ब्लू लायन्स' सोपं. डेड्यू नावाचा भक्कम खांब पहिल्या दिवसापासून हाताशी असतो, मर्सिडीज बरं करते, ॲश धनुष्य चालवतो, फेलिक्सची तलवार चपळ. प्रत्येक जागेला माणूस आहे. 'ब्लॅक ईगल्स'मध्ये जादूगार जास्त आणि वार झेलणारे कमी, त्यामुळे सुरुवातीच्या लढायांत एखाददुसरा हमखास पडतो. शिवाय त्या घराची वाट पुढे दुभंगते. पूर्वार्धाच्या शेवटाकडे त्या घराची म्होरकी एडेलगार्ड मठात दिसेल तेव्हा तिच्याशी बोलायचं चुकवू नका आणि त्या सुमाराला एक वेगळी सेव्ह करून ठेवा; नाहीतर एक वाट तुम्हाला न विचारताच बंद होते. 'गोल्डन डीअर'मध्ये जगाचा इतिहास बराच उलगडतो, पण मारीअॅन आणि लिसिथिया यांना पहिले काही महिने जपावं लागतं.

'सिंडर्ड शॅडोज' ही जोडकथा घेतली असेल तर आधी मुख्य गोष्ट अर्ध्यापर्यंत जाऊ द्या. त्या जोडकथेत माणसं आणि त्यांच्या लेव्हल ठरवून दिलेल्या असतात, लढाया जास्त अवघड, आणि आपली फौज तिथे नेता येत नाही.

प्रश्न : भिया, मी नववीत आहे. दादाच्या स्विच ऑनलाइनवर जुना 'फायर एम्ब्लेम' खेळतोय, तो लिन आणि एलिवुडवाला. नव्वद टक्के दाखवतो आणि तरी वार चुकतो. खोटं बोलतो का गेम? आणि माझी लिन स्टीलची तलवार घेतली की हळू का होते?
— एक खेळाडू, रामचंद्रनगर, इंदूर

उत्तर : गेम खोटं बोलतो खरा, पण तुझ्याच फायद्याचं.

२००३ चा हा भाग, 'ब्लेझिंग ब्लेड', वार बसला की नाही ते ठरवताना ० ते ९९ मधले दोन आकडे काढतो, त्यांची सरासरी घेतो आणि ती दाखवलेल्या टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वार बसतो. दोन आकड्यांची सरासरी मधोमध घुटमळते. त्यामुळे पडद्यावरचे ९० टक्के प्रत्यक्षात ९८ च्या आसपास असतात, ७५ म्हणजे सुमारे ८८, आणि शत्रूचे ३० टक्के म्हणजे खरे १८ च. पन्नासच्या वरचं सगळं दिसतं त्याहून पक्कं, पन्नासच्या खालचं दिसतं त्याहून कच्चं. तुझे बहुतेक वार पन्नासच्या वर आणि शत्रूचे खाली असतात, म्हणजे पारडं तुझ्याकडेच झुकलेलं. नव्वदचा वार शंभरातून दोनदा चुकणार. तेवढेच दोन लक्षात राहतात. 'थ्री हाउसेस'मध्येही हीच पद्धत आहे. क्रिटिकलला मात्र ही सवलत नाही. तिथे तीन टक्के म्हणजे तीनच टक्के, आणि बसला तर तिप्पट मार. ज्याच्या मरण्यानं डाव संपतो त्याला शत्रूच्या तीन टक्क्यांसमोरही उगीच उभा करू नकोस.

आता तलवारीचं. या भागात हत्याराला वजन आहे आणि माणसाला 'कॉन' म्हणजे अंगकाठी. वजन अंगकाठीपेक्षा जितकं जास्त, तितका वेग कमी. लिनची अंगकाठी ५. लोखंडी तलवारीचं वजन ५, म्हणून काही फरक पडत नाही. स्टीलच्या तलवारीचं वजन १०, म्हणजे वेग थेट ५ नं घटला. दोनदा वार करायला समोरच्यापेक्षा वेग किमान ४ नं जास्त लागतो. समज लिनचा वेग ११ आणि डाकूचा ५ : लोखंडी तलवारीनं ती दोनदा मारते, स्टीलनं एकदाच. स्टीलचा एक वार जरा जोरात बसतो, पण लोखंडीच्या दोन वारांपुढे तो सहसा कमीच पडतो. हलक्या अंगाच्यांना हलकं हत्यार, स्टील धिप्पाडांना. हाच हिशेब पेगासस उडवणाऱ्या फ्लोरिनाला भाला देतानाही कर.

पहिला गेम म्हणून तू योग्य जागी आहेस. लिनची सुरुवातीची प्रकरणं म्हणजे सरळ शिकवणीच आहे, इतकी की आधी कोणाला कुठे हलवायचं तेही गेमच सांगतो. त्यानंतर एलिवुडची गोष्ट सुरू झाली की मार्कस मिळेल. वर व्हँडरबद्दल लिहिलं तेच त्याला लागू. त्याचा चांदीचा भाला सरदारांसाठी राख. या भागात कॅज्युअल नाही आणि मेलेला परत येत नाही. पण स्विच ऑनलाइनवर खेळतोस, तर तिथली मागे नेण्याची सोय आणि मधेच जतन करण्याची जागा, दोन्ही वापर. अरिनात, म्हणजे पैज लावून लढायच्या आखाड्यात, मात्र जपून. तिथे मेलेलाही खरंच मरतो, आणि पैशाच्या लोभानं चांगली माणसं तिथेच जास्त जातात.

प्रश्न : दिवाळीत मेहुणे अमेरिकेहून येणार आहेत. त्यांच्याकडून 'एंगेज'चं काडतूस मागवलं तर इथल्या स्विचवर चालेल का? की ई-शॉपमधून (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातून) घेणं बरं? आणि एका दुकानदारानं जुन्या ३डीएसवर (निन्टेन्डोच्या स्विचआधीच्या हातातल्या गेमयंत्रावर) 'अवेकनिंग' दाखवला, तोही मोह होतोय.
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : काडतूस चालेल. स्विचच्या गेमना देशाची अट नाही, जपानी असो वा अमेरिकी. स्विच २ वरही 'थ्री हाउसेस' आणि 'एंगेज' दोन्ही चालतात. अडतं ते जोडकथांच्या खरेदीत. अमेरिकी काडतुसाला अमेरिकी ई-शॉपमधलीच जोडकथा लागते, युरोपीय काडतुसाला युरोपातली. मेहुण्यांनी अमेरिकेतून आणलं आणि तुमचं खातं ब्रिटनचं असेल, तर पैसे जातील आणि गेमला ती दिसणार नाही. भारतासाठी वेगळं ई-शॉप नसल्यामुळे खातं कोणत्या तरी दुसऱ्या देशाचं ठेवावं लागतं, तेव्हा अमेरिकेचंच ठेवा आणि मेहुण्यांना डॉलरची गिफ्ट कार्डं आणायला सांगा. आधीच दुसऱ्या देशाचं खातं असेल तर त्यातली शिल्लक संपवा. शिल्लक असताना देश बदलता येत नाही.

काडतूस की डाउनलोड, यात आमचं मत काडतुसाला. खेळून झाल्यावर ते विकता येतं, आणि डाव काडतुसात नसून स्विचमध्ये राहतो, त्यामुळे विकलं तरी तुमची सेव्ह शाबूत.

३डीएसचा मोह जरा आवरा. 'अवेकनिंग' (जपानात २०१२, बाहेर २०१३) गेम म्हणून उत्कृष्ट आहे, नवख्याला मानवणारा, आणि मालिका बंद पडण्याच्या बेतात असताना तिला वर काढणारा. त्याची विक्री अडीच लाखांच्या आत राहिली असती तर तो शेवटचा भाग ठरला असता, हे निर्मात्यांनीच सांगितलं आहे. पण ३डीएसच्या ई-शॉपमधली विक्री मार्च २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा वापरलेलं काडतूस शोधणं हाच मार्ग. आणि ३डीएसला देशाची अट आहे : जपानी यंत्रात अमेरिकी काडतूस चालत नाही. दुकानात यंत्र आणि काडतूस दोन्ही समोर लावून, निदान पहिली लढाई सुरू होईपर्यंत बघा. यंत्रात 'शंभर गेम भरून दिलेत' असं सांगितलं तर ते छेडछाड केलेलं यंत्र आहे हे ओळखा. तसाच स्विच असेल तर निन्टेन्डो त्याला ऑनलाइन सेवेतून बाद करू शकतं.

प्रश्न : स्विच परवडत नाही. साधा लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. याच जातीचं काही आहे का? फोनवरचा 'फायर एम्ब्लेम हीरोज' कसा?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : 'हीरोज'पासून सुरुवात करू नका. सहा बाय आठ चौकटींचा पट, चार-चार माणसांच्या तुकड्या; डाव छोटे आणि नीटस असतात. पण नायक मिळवायचे ते सोडत काढून, आणि सोडतीला लागणारे गोळे पैशानं विकत मिळतात. बेल्जियममध्ये अशा सोडतींवर आक्षेप आल्यानंतर निन्टेन्डोनं २०१९ मध्ये तिथली सेवाच बंद केली. मुख्य मालिकेचा स्वाद त्यात लागत नाही.

'फायर एम्ब्लेम' पीसीवर येत नाही. तिच्या तोलाची दुसरी जुनी परंपरा म्हणजे १९९७ चा 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'. त्याची 'द इव्हालिस क्रॉनिकल्स' ही नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) आली आहे, आणि 'वॉर ऑफ द लायन्स' ही आधीची आवृत्ती फोनवर आहे. फरक असा की इथे तुमची टर्न, मग शत्रूची टर्न असं नसतं. प्रत्येकाची पाळी त्याच्या वेगानुसार येते, उंच-सखल जमिनीलाही महत्त्व असतं. वाटेत भेटणाऱ्या टोळ्या तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात, गोष्टीतल्या लढाया वाढत नाहीत. म्हणून लेव्हल फुगवण्यापेक्षा जॉब पॉइंट जमवून कौशल्यं शिकण्यावर भर द्या. फोनवरची आवृत्ती घेतलीत तर एकाच जागी सेव्ह करत जाऊ नका. रिओव्हेन्स किल्ल्यावर लागोपाठच्या लढायांच्या मधे सेव्ह केलं आणि नायक कच्चा निघाला, तर मागे फिरून तयारी करता येत नाही आणि सगळा डाव फुकट जातो.

लॅपटॉप फारच जुना असेल तर 'इन्टू द ब्रीच' (२०१८). आठ बाय आठ चौकटी, तीन यंत्रमानव, आणि शत्रू पुढच्या खेपेला कुठे मारणार ते आधीच दिसतं. पात्रं-गोष्ट फारशी नाही, पण चाली शिकायला याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही. स्टीमवर रुपयांत घेता येतो. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणून विकत घेतल्या दिवशीच लॅपटॉपवर नीट चालतो का ते बघून घ्या.

प्रश्न : 'थ्री हाउसेस' समजून 'थ्री होप्स' घेतला. यात चौकटीच नाहीत! शेकडो सैनिकांवर नुसती तलवार फिरवायची. पुढे कधी चौकटी येतात का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : येत नाहीत. तीच पात्रं घेऊन केलेला तो २०२२ चा हाणामारीचा गेम आहे. 'फायर एम्ब्लेम वॉरियर्स'ही त्याच जातीचा. काडतूस असेल तर दुकानदाराकडून 'थ्री हाउसेस'शी बदलून मिळतं का बघा. डबीवर खाली 'हाउसेस' लिहिलं आहे याची खात्री करून मगच पैसे द्या.